डायल-अप बोर्डाला स्वतःचा चेहरा: बाइट मोजून करायची सजावट

बोर्ड म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम: मॉडेमनं फोन करून निरोप वाचायचे-लिहायचे आणि खेळ खेळायचे तो संगणक. नव्यानं बसवलेला बोर्ड लगेच ओळखू येतो. मॉडेमची किंकाळी थांबते, सॉफ्टवेअरचं नाव झळकतं, मग सॉफ्टवेअरबरोबर आलेला मेनू आणि प्रत्येक पानाखाली तीच ठरलेली "कळ दाबा" ओळ. हे बदलायचं म्हटलं की बहुतेक सिसॉप, म्हणजे बोर्ड चालवणारे, चुकीच्या टोकाला हात घालतात. आठवडाभर बसून स्वागताचा भरगच्च पडदा रंगवतात आणि बाकी सगळं आहे तसंच सोडून देतात. पण तो पडदा कॉलरला दर कॉलमागे एकदाच दिसतो. मुख्य प्रॉम्प्ट (कॉलरची आज्ञा मागणारी ओळ), पान थांबवणारी ओळ, निरोपाच्या डोक्यावरची चौकट आणि हो-नाहीचा प्रश्न हे अर्ध्या तासात त्याच्या डोळ्यांसमोरून कितीतरी वेळा जातात. बोर्डाची खरी ओळख तिथे असते, म्हणून काम तिथूनच सुरू करा. स्वागताचा पडदा शेवटी.

दुसरी गोष्ट, फोनलाइनवर प्रत्येक रंगाला भाडं पडतं. हे भाडं कसं मोजायचं ते पुढे येईलच.

इथली उदाहरणं सिंक्रोनेट या बोर्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहेत. ते फुकट मिळतं, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतं, अजून सुधारलं जातंय आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ बदलता येते. मिस्टिक किंवा जुनं डॉसवरचं रेनेगेड वापरत असाल तर फाइलींची नावं वेगळी असतील, तत्त्वं तीच.

आधी लाइन

लाइन नीट नसेल तर सजावट वाया जाते. एक्स्टर्नल, सिरियल पोर्टचं हार्डवेअर मॉडेम घ्या. संगणकाच्या आत बसणारी, अर्धं काम प्रोसेसरवर ढकलणारी विनमॉडेम टाळा. सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबी-सिरियल केबल चालते, फक्त तिच्यात आरटीएस, सीटीएस, डीटीआर आणि डीसीडी या चारही तारा खरोखर जोडलेल्या असाव्यात. तीन तारांची स्वस्त केबल इथे उपयोगाची नाही.

रॉकवेल-कोनेक्झंट चिपच्या मॉडेमसाठी सुरुवातीची आज्ञा साधारण अशी (टाइप करताना अर्थात रोमन अक्षरांत आणि सलग):

एटी &एफ &सी१ &डी२ &के३ एस०=० एस२=२५५ एस१०=५०

&एफ कारखान्यातल्या मांडणीवर आणतं. &सी१ मुळे डीसीडीची तार खऱ्या कॅरियरप्रमाणे, म्हणजे समोरच्या मॉडेमच्या सतत चालणाऱ्या सुराप्रमाणे, चालू-बंद होते. हे विसरलात तर कॉलर फोन ठेवून गेला तरी बोर्डाला तो बसलेलाच वाटतो, आणि पुढचा कॉलर थेट आधीच्याच्या खात्यात जाऊन पडतो. ही नुसती गैरसोय नाही, सुरक्षेला पडलेलं भगदाड आहे. &डी२ असल्याशिवाय बोर्डानं लॉग-ऑफ केलं तरी मॉडेम फोन खाली ठेवत नाही. &के३ म्हणजे आरटीएस-सीटीएस प्रवाह नियंत्रण: घेणारा भरला की पाठवणारा थांबतो. एस०=० ठेवलं की मॉडेम आपणहून फोन उचलत नाही, रिंग आल्यावर प्रोग्रॅम उचलायला सांगतो. इथे १ ठेवलं तर संगणक रीस्टार्ट होत असतानाही मॉडेम फोन उचलतं आणि समोरचा काळ्या पडद्याकडे बघत बसतो. एस२=२५५ मुळे तीन अधिक चिन्हांची, मॉडेमला मधेच आज्ञा ऐकायला लावणारी सुटकेची खूण बंद होते. एस१०=५० म्हणजे कॅरियर ५ सेकंद हरवला तरच कॉल तोडायचा. मूळची मर्यादा दीड सेकंदाच्या आसपास असते आणि खरखरीत लाइनवर ती फार तोकडी पडते.

यूएस रोबोटिक्सच्या मॉडेमना &के३ चा अर्थ वेगळा लागतो. तिथे &एफ१ नं सुरुवात केली की हार्डवेअर प्रवाह नियंत्रण आपोआप येतं.

संगणक आणि मॉडेम यांच्यातला वेग सेकंदाला ५७,६०० किंवा १,१५,२०० बिटांवर कायमचा बांधून ठेवा. कॉल कितीचाही लागो, तो बदलू देऊ नका.

सिंक्रोनेट मुळात टेलनेट, म्हणजे इंटरनेटवरून होणारी मजकुराची जोडणी, ओळखतं. मॉडेम आणि टेलनेट यांना जोडायला त्याच्यासोबतच सेक्सपॉट्स नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. नाव घरातल्या मोठ्यांसमोर घेण्यासारखं नाही, काम मात्र चोख. तो सिरियल पोर्टवर कान देऊन बसतो, रिंग आली की फोन उचलतो आणि त्याच संगणकावरच्या टेलनेट पोर्टला जोडून देतो. वरची आज्ञा त्याच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये लिहा. नुसती मॉडेममध्ये साठवून त्यावर विसंबू नका.

तांब्याची लाइन काढून फायबर आलेलं असेल तर तुमचा फोन आता इंटरनेटवरचा आवाज आहे. त्यावरही मॉडेम चालतं, पण कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ हवा, शांतता गाळण्याची सोय बंद हवी, जिटर बफर (पुढे-मागे पोचणारे तुकडे सावरणारी साठवण) स्थिर हवा आणि शक्य असल्यास प्रतिध्वनी-निवारणही बंद. एवढं करूनही ३३,६०० चा हट्ट धरलात तर कॉल मधेच तुटण्याची शक्यता जास्त. +एमएस आज्ञेनं व्ही.३२ बिसवर, म्हणजे १४,४०० वर अडकवा. कॉल लागायला वेळ कमी लागतो आणि टिकतोही जास्त. कॉल-वेटिंग बंदच करा, त्याची टिक-टिक मॉडेमला कॅरियर तुटल्यासारखी वाटते. कॉलरांसाठीही एक सूचना लिहून ठेवा: परदेशी बनावटीच्या मॉडेमला आपल्याकडचा डायल टोन ओळखू येत नसेल तर एक्स३ द्या. मग ते टोनची वाट न पाहता नंबर फिरवतं.

बाइटचा हिशेब

२४०० चा वेग म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. आठ बिटांच्या अक्षराला आगे-मागे एकेक बिट लागतो, म्हणून दहाने भागायचं. १४,४०० ला १४४०, २८,८०० ला २८८०. चुका सुधारणारी आणि दाबून पाठवणारी मॉडेमं याहून थोडी पुढे जातात, पण हिशेब या आकड्यांवर ठेवला तर फसगत होत नाही.

८० रकाने आणि २५ ओळींचा पडदा म्हणजे २००० अक्षरं. त्यात रंग बदलायचा तर एस्केप, चौकोनी कंस, १, अर्धविराम, ३३, अर्धविराम, ४४ आणि शेवटी लहान एम असे १० बाइट जातात. एका पडद्यावर ३०० वेळा रंग बदलला की ३००० बाइट नुसत्या रंगांचे. एकूण ५०००. २४०० वर हे २१ सेकंद, १४,४०० वर साडेतीन. म्हणून ठोकताळा असा: मेनू ८०० बाइटच्या आत, प्रॉम्प्ट ८० च्या आत, स्वागताचा पडदा ३००० पर्यंत. त्याहून मोठं काही चितारायचंच असेल तर ते कॉलरनं मागितल्यावरच दाखवा.

हिशेब उतरवायला एक युक्ती पुरते. रंग आडवा धावू द्या. एका ओळीत डावीकडून उजवीकडे शक्य तितका वेळ एकच रंग ठेवला की आज्ञा कमी होतात. चौकटीला एक रंग आणि मजकुराला एक, एवढ्यात बहुतेक मेनू देखणे होतात. उभ्या पट्ट्यांची नक्षी कितीही छान दिसो, तिच्या प्रत्येक ओळीवर रंग पुन्हा पुन्हा बदलावा लागतो.

ओळी बदलणं

सिंक्रोनेट जे काही बोलतं त्यातलं बहुतेक सगळं कंट्रोल फोल्डरमधल्या टेक्स्ट-डॅट नावाच्या फाइलीत आहे. शेकडो ओळी आहेत, प्रत्येकीला क्रमांक आणि नाव. ३.२० पासून मूळ फाइलीला हात न लावता शेजारी टेक्स्ट-आयएनआय ठेवता येते. बदलायच्या तेवढ्याच ओळी त्यात लिहायच्या. हाच मार्ग धरा. मूळ फाइल खरवडली की पुढच्या आवृत्तीत नव्या ओळी आल्यावर दोन्ही जुळवत बसावं लागतं.

या ओळींत तीन प्रकारच्या खुणा असतात. कंट्रोल-ए आणि त्यापुढे एक अक्षर म्हणजे रंग: आर तांबडा, जी हिरवा, वाय पिवळा, सी आकाशी, एच उजळ, एन मूळपदावर. दोन ॲट चिन्हांमधला शब्द म्हणजे चालू माहिती: एलियास लिहिलंत तर कॉलरचं टोपणनाव येतं, टीलेफ्ट लिहिलंत तर उरलेला वेळ. तिसरी खूण टक्क्याची, तिच्यापुढे एस, डी किंवा यू. ही मात्र जपून हाताळा.

टक्क्याची खूण म्हणजे प्रोग्रॅम ऐन वेळी भरणार असलेली रिकामी जागा. त्याच्या हातात दोन गोष्टी असतात, समजा आधी नाव आणि मग आकडा. ओळीतही त्या दोन जागा त्याच क्रमाने हव्यात. शेवटची जागा गाळलीत तर चालतं, तो आकडा दिसत नाही इतकंच. पण क्रम उलटा केला किंवा एक जागा जास्तीची टाकली की प्रोग्रॅम आकड्याला नाव समजून भलत्याच ठिकाणी वाचायला जातो. कधी कचरा दिसतो, कधी अख्खा नोड, म्हणजे त्या कॉलरची जोडणी सांभाळणारा भाग, कोसळतो. मराठीत हे हमखास घडतं, कारण आपलं वाक्य उलट चालतं. इंग्रजी ओळ "तीन निरोप अमुकसाठी" या क्रमाने भरत असेल आणि तुम्ही आपल्या वळणाने "अमुकसाठी तीन निरोप" असं लिहिलंत, तर क्रम फिरलाच. वाक्य वेगळं जुळवा, जागांना हात लावू नका. खरोखरच टक्क्याचं चिन्ह छापायचं असेल तर ते दोनदा लिहा.

पहिल्या दिवशी पुढच्या एवढ्याच ओळी बदला. पान थांबवणारी ओळ, हो-नाहीचा प्रश्न, "वेळ संपत आली" ची सूचना, चुकीच्या पासवर्डवरचं उत्तर आणि निरोप साठवल्यावरचा दाखला. पाचही एकाच माणसानं बोलल्यासारख्या वाटायला हव्यात. बोर्डाचं नाव कट्टा असेल तर पान थांबवताना "पुढे?" एवढंच पुरतं, वेळ संपताना "आवरा, दोन मिनिटं राहिली" आणि चुकीच्या पासवर्डवर "नीट आठवा". मराठी बोर्डावर तुटक बोलणं शोभतं, शिवाय ते स्वस्त पडतं. चाळीस अक्षरांची लाडिक ओळ साध्या टर्मिनलवरून (टर्मिनल म्हणजे कॉलरकडे बोर्डाचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) पुसायची म्हणजे प्रत्येक अक्षरामागे मागे-सरक, मोकळी जागा, पुन्हा मागे-सरक असे तीन बाइट. १२० बाइट, २४०० वर अर्धा सेकंद, आणि तोही दर पानाला. विनोदी ओळींबद्दल आमचं मत असं की एखादा विनोद पहिल्यांदा हसवतो, पन्नासाव्यांदा चिडवतो. निरोप देताना एखादा असू द्या, थांब-ओळीत नको.

मुख्य प्रॉम्प्टमध्ये दोनच गोष्टी दाखवा: कॉलर कोणत्या विभागात आहे आणि किती मिनिटं उरली. तारीख, नोडचा क्रमांक, बोर्डाचं नाव हे सगळं कोंबलं की प्रॉम्प्ट दुसऱ्या ओळीवर सांडतो आणि टायपिंगला जागा उरत नाही.

मेनू आणि कळा

मेनूचे पडदे टेक्स्ट फोल्डरच्या आतल्या मेनू फोल्डरमध्ये असतात. एएनएस शेपटीची फाइल रंगीत टर्मिनलसाठी, एएससी साध्यासाठी. एमएसजी शेपटीच्या फाइलीत कंट्रोल-ए खुणा वापरता येतात. त्या टर्मिनल पाहून रंग देतात किंवा गाळतात, म्हणून मेनूसाठी हीच जात सोयीची. नुसती एएनएस ठेवून दिलीत तर जुन्या कमोडोर संगणकावरून किंवा रंगहीन टर्मिनलवरून येणाऱ्याचं काय होणार तेही पाहून ठेवा. असे लोक डायल-अपवर अजूनही येतात, किंबहुना तेच येतात.

पडदा नुसता दिसण्यापुरता. कोणती कळ काय करते हे शेल ठरवतं. सिंक्रोनेटसोबत डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही, पीसीबोर्ड, वाइल्डकॅट, मेजर बीबीएस, रेनेगेड या इतर बोर्ड-प्रोग्रॅमांच्या वळणाची शेल येतात. त्यातलं जवळचं निवडा, त्याची फाइल एक्झेक फोल्डरमधून मॉड्स फोल्डरमध्ये नक्कल करून घ्या आणि नकलेतच बदल करा. प्रोग्रॅम आधी मॉड्समध्ये पाहतो, तिथे नसेल तरच एक्झेकमध्ये. आवृत्ती बदलताना एक्झेकमधलं सगळं नवं लिहिलं जातं, मॉड्सला कोणी हात लावत नाही. हा एक नियम न पाळल्यामुळे जितकी मेहनत वाया गेली असेल तितकी दुसऱ्या कशानं गेली नसेल.

सॉफ्टवेअरबरोबरच्या मेनूत वीस-पंचवीस कळा असतात. त्यातल्या आठ ठेवा. बाकीच्या काढून टाकू नका, त्या फक्त पडद्यावरून उतरवा, म्हणजे जुन्या सवयीनं दाबणाऱ्यालाही चालतील आणि नव्याला गोंधळ होणार नाही. एखादी कळ मात्र फक्त तुमच्या बोर्डावर अर्थ असलेली ठेवा, जसं सी म्हणजे चहा. ती दाबली की आत्ता शेवटचे पाच कॉलर कोण आणि कोणी काय लिहून गेलं हे दाखवायचं. एका लाइनच्या बोर्डावर दोघं कधीच एका वेळी भेटत नाहीत, त्यामुळे अशी "मागे कोण बसून गेलं" ची भिंत त्याला जिवंत ठेवते.

बाणाच्या कळांनी सरकणारी उजळ पट्टी पाहायला गोड असते. पण प्रत्येक बाणाला दोन ओळी पुन्हा रंगवाव्या लागतात, मोजून ७०-८० बाइट. २४०० वर एका बाणाला एक तृतीयांश सेकंद. कॉलर बाण दाबून धरतो, पट्टी मागून रांगत येते आणि तो चुकीच्या ठिकाणी एंटर मारतो. १४,४०० च्या खालच्या कॉलरांसाठी साध्या एककळी मेनूचा पर्याय ठेवा.

स्वागताचा पडदा, आणि शिरोरेषा

आता चित्र. पाब्लोड्रॉ किंवा मोबियस हा चित्र-प्रोग्रॅम घ्या. डॉसचं वातावरण हवं असेल तर द-ड्रॉ. कोड पेज ४३७, म्हणजे मूळ आयबीएम पीसीचा अक्षरसंच, हेच गृहीत धरा. त्यातले ठोकळे महत्त्वाचे: १७६, १७७, १७८ या तीन छटा, २१९ पूर्ण ठोकळा, २२३ वरचा अर्धा, २२० खालचा अर्धा, २२१ डावा, २२२ उजवा. पाब्लोड्रॉत हे एफ१ ते एफ८ कळांवर मिळतात.

मर्यादा आधी समजून घ्या. ७९ व्या रकान्यातच थांबा. ८० व्या रकान्यात अक्षर पडलं की काही टर्मिनल लगेच खालच्या ओळीवर उडी मारतात, काही थांबतात. मग तुमचा ओळबदल पहिल्यावर रिकामी ओळ टाकतो आणि दुसऱ्यावर नाही. उंची २३ ओळी. बऱ्याच टर्मिनलांची शेवटची ओळ स्थितिदर्शक पट्टीनं खाल्लेली असते. पुढचे रंग १६, मागचे ८ च. मागेही उजळ रंग हवा म्हणून आइस कलर्स चालू केलेत तर ज्याचं टर्मिनल ते ओळखत नाही त्याच्याकडे सगळं चित्र लुकलुकायला लागतं.

साठवताना सॉसची नोंद काढून टाका. सॉस म्हणजे चित्रकार, शीर्षक, मापं अशी १२८ बाइटची पट्टी चित्राच्या शेवटी जोडलेली असते. ती संग्रहासाठी चांगली, पण काही बोर्ड ती तशीच पाठवून देतात आणि पडद्याच्या तळाशी अगम्य अक्षरं उमटतात.

अर्धे ठोकळे वापरले की ८० बाय २५ चा पडदा ८० बाय ५० चौकोनांचा आलेखकागद होतो. कारण डॉसचं अक्षर ८ ठिपके रुंद आणि १६ उंच, अर्धं केलं की चौरस. देवनागरी नाव काढायला हा कागद फार छान. कट्टा काढून पाहू. उंची १६ चौकोन, म्हणजे ८ ओळी. शिरोरेषेला वरचे दोन चौकोन, म्हणजे पूर्ण ठोकळ्यांची अख्खी एक ओळ. क ला ११ रकाने: डावा गोल ४, दांडी २, उजवी शेपटी ५. काना २ रकान्यांचा, त्याआधी दोनाची मोकळी जागा. अडचण ट्ट ची. एकाखाली एक ट बसवायचे तर वरच्याला मान २ आणि पोट ५, मधे १ मोकळा, खालच्याला ६. जमतं, पण जेमतेम. उंची १२ ठेवलीत तर दोन्ही पोटं चिकटतात आणि कोणी ते ट्ट आहे असं वाचणार नाही. जोडाक्षर अंगावर येत असेल तर बोर्डाचं नाव निवडतानाच चौकोन मोजा. ओटा किंवा पार अर्ध्या कष्टात होतं.

अर्ध्या ठोकळ्यात वरच्या भागाला पुढचा रंग लागतो आणि खालच्याला मागचा, हे विसरू नका. उजळ पिवळ्याखाली उजळ तांबडा मागितलात तर मिळणार नाही, तांबडा मळकटच येईल.

बहुतेक चित्र-प्रोग्रॅम फाइल वरून खाली लिहितात, त्यामुळे हळू लाइनवर आधी शिरोरेषा येते आणि मग अक्षरं तिला लोंबकळतात. आपण लिहितो ते उलट, अक्षरं आधी, रेघ शेवटी. तसंच करता येतं. शिरोरेषेची ओळ चित्रातून रिकामी ठेवा आणि ती फाइलीच्या शेवटी वेगळी जोडा. रंगाची आज्ञा एकदाच, आणि मग प्रत्येक ठोकळ्याआधी त्याच्या जागेची आज्ञा: एस्केप, कंस, ओळ ३, अर्धविराम, रकाना २१, मोठा एच. हे सात बाइट आणि ठोकळ्याचा एक, असे आठ. २६ रकान्यांच्या शिरोरेषेला २०८ बाइट. २४०० वर ही रेघ डावीकडून उजवीकडे पाऊण-एक सेकंदात ओढली जाते, पाटीवर ओढल्यासारखी. सलग २६ ठोकळे पाठवले असते तर ती सेकंदाच्या दहाव्या भागात उमटून गेली असती आणि कोणाला कळलंही नसतं. इथे बाइट उधळणं परवडतं, कारण त्यांनी वेळ विकत घेतलाय. कुठलाही साधा टेक्स्ट एडिटर एस्केप बाइट जपत असेल तर हे हातानं करता येतं, नाहीतर हेक्स एडिटर. रेघ झाल्यावर कर्सर खालच्या ओळीवर नेऊन ठेवायला विसरलात तर लॉगिनचा प्रश्न कट्ट्याच्या मधोमध छापला जाईल.

हा पडदा लॉगिनच्या आधी दाखवायचा तर टेक्स्ट फोल्डरमध्ये आन्सर या नावाने ठेवा. आणि ॲन्सी संगीत, म्हणजे पडद्याच्या आज्ञांतूनच सूर वाजवणं, टाळाच. त्याची खूण ओळ-पुसण्याच्या आज्ञेशी भांडते. एकाकडे सूर वाजतो, दुसऱ्याकडे पडद्यावरची ओळ गायब होते.

निरोपांत मराठी

चित्रात देवनागरी सोपी, मजकुरात नाही. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आणि भारतीय लिप्यांसाठीचं १९९१ चं इस्की मानक यांनी डॉसच्या पडद्यावर मराठी आणली होती. पण इस्कीची अक्षरं १६१ पासून वरच्या जागांत बसतात आणि कोड पेज ४३७ चे ठोकळे व चौकटीही तिथेच. म्हणजे इस्की तशीच वापरली तर एका वेळी एकतर चौकट किंवा मराठी. तुमच्या सुंदर चौकटी इस्कीच्या टर्मिनलवर व्यंजनांची रांग बनतात.

आताचं सिंक्रोनेट जोडणी होताना टर्मिनल यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं पाठवायची आजची पद्धत, ओळखतं का ते तपासतं. असेल तर देवनागरी निरोप जातात-येतात. पण वेलांटी, मात्रा आणि जोडाक्षर किती रकाने खातं याबद्दल टर्मिनलांचं एकमत नाही, त्यामुळे ओळी वाकड्या तुटतात. शिवाय प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट. मार्ग असा: मेनू आणि ओळी रोमन लिपीतल्या मराठीत ठेवा आणि निरोपांचा एकच विभाग यूटीएफ-८ साठी राखा, तसं विभागाच्या नावातच लिहून. त्या विभागातल्या ओळी ६० रकान्यांवर मोडा, म्हणजे चूक झाली तरी वाचता येतं.

डोअर, वेळ आणि विभाग

डोअर म्हणजे बोर्डातून उघडणारे बाहेरचे प्रोग्रॅम, मुख्यतः खेळ. हे खेळ सगळ्यांकडे तेच असतात, लीजंड ऑफ द रेड ड्रॅगन आणि ट्रेडवॉर्स २००२. ते ठेवा, लोक त्यासाठीच येतात. वेगळेपण आत आणा. पहिल्याला आयजीएम नावाचे जोड-भाग लागतात, दोन-तीन निवडून बसवा, पंधरा नकोत. दुसऱ्याचं विश्व बिग बँग प्रोग्रॅम घडवतो आणि टेडिट या त्याच्या संपादकात ग्रहांची, बंदरांची नावं बदलता येतात. ते एक संध्याकाळ बसून करण्यासारखं काम आहे. डॉसचे खेळ ६४ बिटी विंडोजवर थेट चालत नाहीत, लिनक्सवर डॉसची नक्कल करणारा डॉसईएमयू लागतो. खेळ उघडताच बंद पडत असेल तर आधी ड्रॉप फाइल, म्हणजे बोर्ड खेळासाठी कॉलरची माहिती लिहून ठेवतो ती फाइल, तपासा. खेळाला डोअर-डॉट-सिस हवी आणि बोर्ड दुसरीच लिहितोय किंवा भलत्या नोडच्या फोल्डरात लिहितोय, हे सर्वांत जास्त वेळा घडतं.

लाइन एक असेल तर वेळेची मर्यादा हाही सजावटीचाच भाग. दिवसाची १४४० मिनिटं, कॉलला ४५ धरली तर जास्तीत जास्त ३२ कॉल. प्रत्यक्षात सगळे रात्री नऊ ते बारातच येतात, म्हणजे चार. त्या वेळात कॉल ३० मिनिटांवर आणा. विभाग सुरुवातीला चारच उघडा. वीस रिकाम्या खोल्यांचा वाडा पाहून कोणी पुन्हा फोन करत नाही.

तपासणी

सिंकटर्म या टर्मिनल-प्रोग्रॅममध्ये ऑल्ट आणि वर-खाली बाणांनी वेग बदलता येतो. २४०० वर आणा आणि पूर्ण एक कॉल करा, लॉगिनपासून लॉग-ऑफपर्यंत, घाई न करता. लिनक्सवर एकच फाइल बघायची तर पीव्ही आज्ञेला सेकंदाला २४० बाइटची मर्यादा घालून ती पडद्यावर ओता. जिथे तुमचाच पाय थरथरायला लागतो ती फाइल कापा.

मग खऱ्या फोनवरून खऱ्या मॉडेमनं कॉल करा. पडद्यावर मधेच १;३३ आणि पुढे एम असे उघडे आकडे दिसले तर चित्र चुकलेलं नाही, एस्केपचा बाइट वाटेत गळलाय: प्रवाह नियंत्रण किंवा केबल बघा. सगळ्या पडद्यांवर रंग पुढच्या ओळीत सांडत असेल तर फाइलीच्या शेवटी मूळपदाची आज्ञा राहिली आहे. एकाच विभागात शिरल्यावर नोड कोसळत असेल तर टक्क्याच्या जागा मोजा. आणि कुठे बिघडलंय तेच कळेना झालं तर मॉड्स फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलून बोर्ड पुन्हा चालवा. बिघाड गेला तर तुमच्या शेलमध्ये आहे. राहिला तर टेक्स्ट-आयएनआय बाजूला ठेवून पुन्हा एकदा.